बोलींचे ध्वनिमुद्रण आणि सामायिक फोल्डर : अधिकारांची वाटणी

प्रास्ताविक

बोलीचा अभ्यास क्षेत्रात सुरू होतो. परंतु त्याची विश्वासार्हता बरीचशी साठवणुकीवर अवलंबून असते. अनेकांनी मिळून वापरावयाच्या सामग्रीत कोणाला कोणता अधिकार द्यावा, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव उदाहरणादाखल घेऊ. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे मराठवाड्याचा नांदेड जिल्हा सुरू होतो. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' ऐकू येतो. 'काळा'ऐवजी 'काया', 'डोळा'ऐवजी 'डोया'. अशा सीमावर्ती गावात कोणता भाषक कोणते रूप वापरतो, हीच मौलिक माहिती असते.

समजा, तुमच्या गटाने ढाणकीतील वीस भाषकांचे बोलणे मुद्रित केले, ते लिहून काढले आणि सर्व फाईली अभ्यासकेंद्राच्या नेटवर्क साठवण यंत्रावर एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या. सोयीसाठी सर्वांना सर्व अधिकार दिले. एका सहाध्यायीला 'काया' ही टंकनातील चूक वाटली आणि त्याने सर्वत्र 'काळा' करून टाकले. हेतू चांगला होता. पण पुरावा पुसला गेला. येथे चूक केवळ त्या विद्यार्थ्याची नाही, अधिकारांची वाटणी न करणाऱ्यांचीही आहे.

अधिकारांच्या तीन पायऱ्या

पाहणे, बदलणे आणि व्यवस्थापन करणे हे तीन वेगळे अधिकार आहेत. पहिल्यात फाईल उघडता व ऐकता येते. दुसऱ्यात ती दुरुस्त करता येते आणि बहुधा खोडताही येते. तिसऱ्यात इतरांचे अधिकार ठरवता येतात. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर अभ्यासकांना उपलब्ध आहेत. मात्र ऐकण्यास खुले असणे म्हणजे बदलण्यास खुले असणे नव्हे.

म्हणून ढाणकीच्या सामग्रीसाठी तीन फोल्डर करावेत. 'मूळ ध्वनी' सर्वांना फक्त ऐकता यावा. 'लेखन' हे लिप्यंतर करणाऱ्यांनाच बदलता यावे. 'संमती' या फोल्डरमध्ये भाषकांची नावे व संमतिपत्रे असतात. तो एकदोघांखेरीज कोणासही दिसू नये. भाषकाने आपला आवाज अभ्यासासाठी दिलेला असतो, आपला पत्ता सर्वांना कळावा म्हणून नव्हे.

अधिकार व्यक्तीला न देता 'श्रोते', 'लेखक' अशा गटांना द्यावेत. अभ्यासक्रम संपवून कोणी गेले की त्याला गटातून वगळणे व त्याचे खाते बंद करणे पुरेसे होते. विंडोजमध्ये सामायिक फोल्डरची अनुमती आणि फाईलची अनुमती अशा दोन चाळण्या असतात. नेटवर्कवरून येणाऱ्यास त्यांपैकी अधिक कडक असेल ती लागू होते. 'सर्व दिले तरी फाईल उघडत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा येथेच सापडते.

ॲडमिनचे खाते

ॲडमिनला जवळजवळ सर्व काही करता येते. 'फक्त वाचा' ही मर्यादाही तो उठवू शकतो. म्हणून रोजच्या कामासाठी त्याने स्वतःचे साधे खाते वापरावे आणि व्यवस्थापनापुरतेच ॲडमिनचे खाते उघडावे. 'ॲडमिन' हे तयार नाव सर्वांस ठाऊक असते. वेगळ्या नावाचे खाते करून ते बंद करावे. पासवर्ड दीर्घ असावा, द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी आणि ही जबाबदारी दोन व्यक्तींकडे, प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्याने, असावी. एकच व्यक्ती असेल तर तिच्या बदलीबरोबर किल्लीही जाते.

साठवण यंत्र थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. 2022 च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रणालीने क्यूनॅप कंपनीची अशी अनेक यंत्रे गाठली आणि त्यांतील फाईली कुलूपबंद केल्या.

प्रत आणि प्रतिबिंब

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी व्यवस्था म्हणजे सुरक्षित प्रत, हा गैरसमज आहे. एक डिस्क बिघडली तर दुसरी उपयोगी पडते. पण खोडलेली फाईल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. शिवाय सामायिक फोल्डरमधून खोडलेली फाईल सहसा तुमच्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. म्हणून यंत्रावरील रिसायकल बिन सुरू ठेवावा आणि मूळ ध्वनीची एक प्रत यंत्रापासून सोडवलेल्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत, ठेवावी.

सारांश

कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा आणि काम संपताच तो काढून घ्यावा. यात सहकाऱ्यांवर अविश्वास नाही. लिप्यंतर पुन्हा करता येते; परंतु ढाणकीतील वृद्ध भाषकाचे त्या दिवशीचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येईलच, अशी खात्री कोणालाही देता येत नाही.

स्वाध्याय

1. 'काया' हे रूप सुधारण्याचा अधिकार कोणाला असावा? तुमच्या उत्तराचे भाषावैज्ञानिक कारण लिहा.
2. तुमच्या गटासाठी तीन फोल्डर, गट आणि त्यांचे अधिकार यांचा तक्ता तयार करा.