कोलोरॅडोत लांडगे मतपेटीतून परतले. शिकाऱ्यांचा विरोध नेमका कशाला?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी ३ नोव्हेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान केले, तेव्हा त्याच मतपत्रिकेवर त्यांना आणखी एक प्रश्न विचारण्यात आला होता. राज्यातून नामशेष झालेला करडा लांडगा पुन्हा आणून सोडावा काय? ‘प्रस्ताव ११४’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रश्नाला सुमारे १५ लाख ९० हजार मतदारांनी होकार दिला, तर सुमारे १५ लाख ३३ हजार मतदारांनी नकार. टक्केवारीत सांगायचे तर ५०.९ विरुद्ध ४९.१. एखादा वन्यप्राणी पुन्हा वसवण्याचा आदेश थेट मतदारांनी देण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ होती.

या प्रस्तावाला सर्वाधिक संघटित विरोध झाला तो पशुपालकांकडून आणि शिकाऱ्यांकडून. पशुपालकांच्या विरोधाचे कारण उघड आहे. लांडगा वासरे आणि मेंढ्या मारतो. शिकाऱ्यांचा विरोध मात्र वरवर पाहता निव्वळ स्वार्थाचा, म्हणजे एकाच सावजावरील दोन दावेदारांच्या भांडणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. लांडग्यांमुळे हरणे किती घटतील, हा पहिला. वन्यजीवांविषयीचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीतून बऱ्याच अंशी मिळू शकते. दुसऱ्याचे तसे मिळत नाही. म्हणूनच मतदानाला अनेक वर्षे उलटूनही हा वाद शमलेला नाही.

प्रस्तावात काय होते?

कोलोरॅडोतील लांडगे गोळ्या, सापळे आणि विष यांच्या साह्याने १९४० च्या दशकापर्यंत संपवण्यात आले. १९९५ आणि १९९६ मध्ये केंद्र सरकारने कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आणि ३५ लांडगे मध्य आयडाहोत सोडले. त्यांची प्रजा वाढली आणि शेजारच्या राज्यांत पसरली. कोलोरॅडोत मात्र अधूनमधून एखाददुसरा भटका लांडगा येण्यापलीकडे काही घडले नाही.

राज्याच्या वन्यजीव आयोगाने जानेवारी २०१६ मध्ये लांडगे आणून सोडण्यास विरोध करणारा ठराव संमत केला. तो मार्ग बंद झाल्याचे पाहून लांडग्यांच्या समर्थकांनी थेट मतदारांकडे जाण्याचे ठरवले. कोलोरॅडोच्या राज्यघटनेनुसार ठरावीक संख्येने नागरिकांनी सह्या केल्यास एखादा कायदा सार्वमतासाठी मांडता येतो. २०२० मध्ये ही संख्या सुमारे सव्वा लाख होती आणि समर्थकांनी ती ओलांडली.

३१ डिसेंबर २०२३ पूर्वी लांडगे सोडण्यास सुरुवात करावी, ते रॉकी पर्वतरांगेच्या मुख्य जलविभाजकाच्या पश्चिमेलाच सोडावेत, पशुहानीची भरपाई द्यावी आणि खासगी जमीनमालकांवर जमीनवापराचे निर्बंध लादू नयेत, अशा तरतुदी प्रस्तावात होत्या.

एल्कचा हिशेब

शिकाऱ्यांची चिंता प्रामुख्याने एल्कविषयी आहे. एल्क हे काश्मीरमधील हंगुलाच्या जवळच्या नात्यातील, पण आकाराने बरेच मोठे हरीण. कोलोरॅडोत सुमारे २ लाख ८० हजार एल्क असून उत्तर अमेरिकेतील कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या मोठी मानली जाते. दरवर्षी शिकारी ३० हजारांहून अधिक एल्क टिपतात.

विरोधक यलोस्टोनचा दाखला देतात. तेथील उत्तरेकडच्या कळपात १९९४ मध्ये सुमारे १९ हजार एल्क होते. २०१३ पर्यंत ही संख्या चार हजारांच्या खाली आली. आकडे खरे आहेत. मात्र त्याच काळात अस्वले आणि प्यूमा वाढले, दुष्काळाची वर्षे आली आणि उद्यानाबाहेर पडणाऱ्या एल्कच्या माद्यांची मोठ्या प्रमाणावर शिकारही झाली. घट लांडग्यांमुळे किती आणि इतर कारणांमुळे किती, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही.

राज्यपातळीवरचे चित्र वेगळे आहे. आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या तिन्ही राज्यांत लांडगे आहेत आणि एल्कची शिकारही चालू आहे. एक लांडगा वर्षाला सुमारे २० एल्क मारतो असा ढोबळ हिशेब धरला, तर २०० लांडगे चार हजार एल्क मारतील. शिकाऱ्यांच्या वार्षिक वाट्याच्या तुलनेत हा आकडा लहान आहे.

तरीही शिकाऱ्यांची भीती निराधार ठरत नाही. शिकार राज्याच्या सरासरीत होत नाही. ती एखाद्या खोऱ्यात होते. लांडग्यांच्या टोळीने ज्या खोऱ्यात मुक्काम केला, तेथील वासरांचे जगण्याचे प्रमाण घटू शकते. एल्क मोकळी कुरणे सोडून दाट झाडीत किंवा खासगी जमिनींवर सरकतात आणि सार्वजनिक जमिनीवर शिकार करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एखाद्या कळपाची संख्या खाली आली की खाते त्या क्षेत्रातील परवाने कमी करते.

लांडग्यांच्या समर्थकांचे काही दावेही तपासून पाहण्यासारखे आहेत. लांडगे परतले की हरणे घटतात, नदीकाठची झाडी वाढते आणि सारी परिसंस्था सावरते, ही यलोस्टोनची कथा जगभर सांगितली गेली. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे दोन दशके केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकारी प्राणी परतल्याने ती परिसंस्था पूर्ववत झालेली नाही, असे त्यातून दिसले. एकदा बिघडलेली घडी केवळ एक प्राणी परत आणून बसत नाही, हा त्याचा अर्थ.

पैसे कोण भरतो?

शिकाऱ्यांच्या विरोधाचे दुसरे कारण आर्थिक असले तरी त्याचे मूळ इतिहासात आहे. अमेरिकेत राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून भागत नाही. शिकार आणि मासेमारीचे परवाने हा त्यांचा मोठा आधार. त्याला जोड मिळते ती १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची. या कायद्यानुसार बंदुका आणि दारूगोळ्यावरील १० ते ११ टक्के अबकारी कर वन्यजीवांसाठी राज्यांना दिला जातो. कोलोरॅडोत परराज्यातील शिकाऱ्याला एका एल्कच्या परवान्यासाठी शेकडो डॉलर मोजावे लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जवळपास संपलेले एल्क पुन्हा लाखांच्या घरात गेले, ते आपल्याच पैशांतून आणि आपण पाळलेल्या निर्बंधांमुळे, अशी शिकाऱ्यांची भावना आहे. त्यामुळे एल्कच्या भवितव्याचा निर्णय परवाना कधीही न काढणाऱ्या शहरी मतदाराने घ्यावा, हे त्यांना अन्यायाचे वाटते.

हा आक्षेप पुढे अंशतः मान्य झाला. राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार लांडग्यांच्या कार्यक्रमासाठी शिकार आणि मासेमारी परवान्यांचा पैसा वापरता येत नाही.

‘मतपेटीतले जीवशास्त्र’

मतदानापूर्वी ‘रॉकी माउंटन एल्क फाउंडेशन’ आणि ‘सफारी क्लब इंटरनॅशनल’ यांसारख्या शिकाऱ्यांच्या संघटनांनी पशुपालक आणि शेतकरी संघटनांसह प्रस्तावाविरुद्ध प्रचार केला. वन्यजीव व्यवस्थापन हे शास्त्र असून ते तज्ज्ञांवर सोपवावे, प्रचाराच्या जाहिराती आणि भावना यांवर नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. अशा निर्णयप्रक्रियेला त्यांनी ‘मतपेटीतले जीवशास्त्र’ म्हटले. लांडगे स्वतःहून येतच आहेत, असेही ते सांगत होते. जानेवारी २०२० मध्ये राज्याच्या वायव्य कोपऱ्यात सहा लांडग्यांची टोळी आढळल्याला खात्याने दुजोरा दिला होता.

निकालाच्या भूगोलाने या नाराजीत भर घातली. डेन्व्हर आणि बोल्डरसारख्या पूर्वेकडील शहरी भागांनी भरघोस पाठिंबा दिला. राज्यातील ६४ पैकी बहुसंख्य काउंटींनी मात्र विरोधात कौल दिला. लांडगे सोडले जाणार होते पश्चिमेला. मते एका बाजूची आणि परिणाम दुसऱ्या बाजूला, ही तक्रार पश्चिमेकडील गावांतून आजही ऐकू येते.

या युक्तिवादाला उत्तरेही आहेत. वन्यप्राणी कोणा एका वर्गाच्या मालकीचे नसून राज्य ते सर्व नागरिकांच्या वतीने सांभाळते, हे तत्त्व अमेरिकेतील शिकारी संघटनाही मानतात. कोलोरॅडोचा एक तृतीयांशाहून अधिक भूभाग केंद्र सरकारच्या, म्हणजे साऱ्या देशाच्या मालकीचा आहे. वन्यजीव आयोगावर शिकारी-मासेमार आणि शेतकरी-पशुपालक यांना कायद्यानेच जागा दिलेल्या असल्याने आयोगाचे म्हणणे हे निव्वळ शास्त्राचे म्हणणे असते, असेही म्हणता येत नाही. शिवाय शिकाऱ्यांच्या संघटना स्वतःही मतपेटीचा आधार घेतात. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घालण्यात आला, तो सार्वमतानेच आणि दोन तृतीयांश मतांनी.

कोलोरॅडोच्या मतदाराचा कलही नेहमी एकाच बाजूला झुकलेला नाही. १९९२ मध्ये वसंतातील अस्वलांच्या शिकारीवर बंदी आणणाऱ्या प्रस्तावाला सुमारे ७० टक्के मते मिळाली. २०२४ मध्ये प्यूमा आणि बॉबकॅटच्या शिकारीवरील बंदीचा प्रस्ताव मात्र सुमारे ५५ टक्के मतदारांनी फेटाळला.

मतदानानंतर काय घडले?

मतदाराने ‘काय’ ते ठरवले. ‘कसे’ हे ठरवणे उरले होते. आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग यांनी लांडगे देण्यास नकार दिला. अखेर ओरेगनने होकार दिला आणि १८ डिसेंबर २०२३ रोजी पहिले पाच लांडगे ग्रँड काउंटीत सोडण्यात आले. महिनाअखेरपर्यंत ही संख्या दहा झाली. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून आणखी १५ लांडगे आणले गेले.

एप्रिल २०२४ पासून वासरे मारली जाऊ लागली. ग्रँड काउंटीतील हानीला कारण ठरलेली टोळी खात्याने त्याच वर्षी पकडली. तिच्यातील नर पुढे दगावला. एका जनावरामागे कमाल १५ हजार डॉलर भरपाईची तरतूद आहे. मार्च २०२५ मध्ये दोनच पशुपालकांना मिळून ३ लाख ४० हजार डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. पुनर्वसन थांबवावे, ही पशुपालक संघटनांची मागणी आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. दुसरीकडे, सोडलेल्या लांडग्यांपैकीही अनेक दगावले आहेत.

भारतातील परिस्थिती

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. त्यामुळे परवाना शुल्काच्या बळावर धोरणात वाटा मागणारा शिकाऱ्यांचा वर्ग येथे नाही. वन्यप्राण्यांविषयी सार्वमत घेण्याची पद्धतही नाही. मध्य प्रदेशातील कुनो येथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते सोडण्यात आले, ते केंद्र सरकारच्या निर्णयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेल्या परवानगीनंतर. गीरचे काही सिंह त्याच कुनोत हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला होता. सिंह अद्याप गुजरातबाहेर गेलेले नाहीत. निर्णय मतदाराचा असो वा न्यायालयाचा, प्राणी ज्यांच्याकडे आहेत आणि ज्यांच्या शिवारात ते येणार आहेत, त्यांच्या सहकार्यावाचून तो अमलात येणे कठीण असते.

कोलोरॅडोच्या आराखड्यानुसार राज्यात सलग दोन वर्षे किमान १५० लांडगे राहिले, किंवा त्यांची संख्या कधीही २०० वर गेली, तर त्यांना राज्याच्या धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून वगळता येईल. त्यानंतर लांडग्यांच्या शिकारीला परवानगी द्यावी काय, याविषयी आराखड्यात निर्णय दिलेला नाही. तो प्रश्न आयोगाने सोडवायचा की पुन्हा मतपत्रिकेवर छापायचा, यावरून शिकारी आणि लांडग्यांचे समर्थक पुन्हा समोरासमोर येण्याची चिन्हे आहेत.