आजीचा कार्यक्रम आजीला ऐकू यावा

शाळेने इंटरनेट रेडिओवर दर पंधरवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करावा आणि त्यात आपल्या भागातील कर्तबगार महिलांच्या मुलाखती द्याव्यात, अशी सूचना मागच्या पालकसभेत आली. ती सर्वांना आवडली. विद्यार्थ्यांना माइकसमोर बोलायला मिळणार म्हणून ते खूष, विश्वस्तांना खर्च फारसा नाही म्हणून समाधान. पण हे नेमके कसे करतात, त्यात काय जमते आणि काय फसते, याची माहिती सर्वांना असावी म्हणून हा लेख.

प्रथम एक जवळचे उदाहरण सांगतो. बीदरहून जहीराबाद तीसेक किलोमीटरवर आहे. आज ते तेलंगणात असले तरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जहीराबाद आणि नारायणखेड हे तालुके आपल्याच बीदर जिल्ह्यात होते, जसे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर होते. त्या दिवशी एका जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटे झाले. तर या जहीराबादजवळच्या माचनूर गावात १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या गावोगावच्या महिला संघांचा हा रेडिओ. चालवणाऱ्या बहुतेक दलित शेतकरी आणि शेतमजूर स्त्रियांच्या घरातील. केंद्र सांभाळणाऱ्या दोघींचे नाव नरसम्माच. त्यामुळे एकीला ‘जनरल’ नरसम्मा आणि दुसरीला तिच्या गावावरून अल्गोल नरसम्मा म्हणू लागले. बियाणी कशी राखायची, ज्वारी-बाजरीत कोणते आंतरपीक घ्यायचे, आजारी जनावराला काय द्यायचे, लग्नात आणि पेरणीत काय गायचे, हे त्या भागातल्या बायाच एकमेकींना रेडिओवरून सांगू लागल्या.

उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. त्यांना बोलावण्यामागे मोठे कारण होते. १९९३ साली हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे त्यात म्हटले होते. हा निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींपैकी सावंत एक होते. क्रिकेटच्या भांडणातून निघालेला न्याय तेरा वर्षांनी ज्वारीच्या रानातल्या बायांपर्यंत पोहोचला. मध्ये इतकी वर्षे का गेली? कारण २००२ साली सरकारने सामुदायिक रेडिओचा परवाना फक्त शिक्षणसंस्थांना खुला केला आणि इतर संस्थांना त्यासाठी नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावे लागले.

आपल्या मुद्द्याची गोष्ट या थांबण्याच्या काळातच आहे. परवाना नव्हता तेव्हा माचनूरच्या बाया हातावर हात धरून बसल्या नाहीत. रेकॉर्डिंगची खोली होती, यंत्रे होती, हवेत सोडायची तेवढी मुभा नव्हती. त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर भरले, कॅसेट गावोगाव नेल्या आणि संघाच्या बैठकीत लावून सर्वजणींनी मिळून ऐकल्या. म्हणजे रेडिओ नसतानाही श्रोते होते, आणि ज्यांच्याविषयी कार्यक्रम त्याच समोर बसलेल्या.

आपली अडचण नेमकी उलटी आहे. इंटरनेटमुळे सोडायची मुभा आपल्याला आहे. पुण्याला नोकरी करणारा मुलगा, हैदराबादला दिलेली लेक, दुबईतला जावई, सर्वांना आपला कार्यक्रम ऐकता येईल. पण भालकी किंवा औराद तालुक्यातल्या एखाद्या गावी बसलेली, साधा बटणांचा फोन वापरणारी आजी, जिची मुलाखत आपण घेतली, तिला तो ऐकता येईलच असे नाही. तिच्या कर्तबगारीचे कौतुक साऱ्या जगाने ऐकायचे आणि तिने नातवाकडून ‘छान झाला म्हणे’ एवढेच ऐकायचे, हे मला बरे वाटत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की इंटरनेटवर टाकण्याच्या आधी प्रत्येक कार्यक्रम त्या बाईच्या गावात, चारचौघींत, स्पीकरवर ऐकवावा.

हे अवघड नाही. आपल्या बीदर जिल्ह्यात १९९० च्या दशकापासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने महिला बचत गटांचे मोठे जाळे विणले. अनेक गावांत गटाची बैठक ठरलेल्या दिवशी असतेच. तिथे पेनड्राइव्ह लागेल असा एक छोटा स्पीकर नेला की काम झाले. साताऱ्याच्या म्हसवडमध्येही असाच जोड जमलेला आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माण देशी महिला सहकारी बँक निघाली आणि २००८ साली त्याच परिवाराने ‘माण देशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ सुरू केला. बाया एकत्र येत होत्याच, रेडिओ त्यांच्यात जाऊन बसला.

आता तांत्रिक बाजू, विशेषतः आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी.

संघम किंवा माण देशीचा रेडिओ एफएमवर चालतो. त्याला परवाना, ठरवून दिलेली तरंगसंख्या, ट्रान्समीटर आणि मनोरा लागतो. या केंद्रांची प्रसारणशक्ती साधारण १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत ठेवावी लागते. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे असे केंद्र दहा-पंधरा किलोमीटर, उघडे माळरान असेल तर थोडे अधिक, ऐकू येते. इंटरनेट रेडिओला हवेतील तरंगसंख्या लागत नाही, म्हणून तो परवानाही नाही आणि मनोराही नाही. इथे आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे एका सर्व्हरवर जातात आणि ऐकणारा प्रत्येकजण तिथून आपली स्वतंत्र प्रत ओढून घेतो. एफएमला श्रोता एक असो की हजार, ट्रान्समीटरचे काम तेवढेच; इंटरनेटला मात्र श्रोता वाढला की भार वाढतो. बोलण्याच्या कार्यक्रमाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. पन्नासजण एकदम ऐकू लागले तर ६४ गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला ३,२०० किलोबिट. शाळेच्या कार्यालयातील जोडणीवर एवढा भार टाकू नये, म्हणून सर्व्हर भाड्याने घेतात.

थेट प्रसारण करायचे की आधी रेकॉर्ड करून ठेवायचे? थेट प्रसारणाची हौस मुलांना असते, ते स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, शिवाय बोलता बोलता एखादी बाई असे काही सांगून जाते की जे नंतर तिला नको वाटते. म्हणून निदान पहिले वर्षभर रेकॉर्डिंगच करावे असे माझे मत आहे. अर्ध्या तासाची एमपी-थ्री फाइल ६४ किलोबिटने केली तर १४.४ एमबी होते (६४ किलोबिट गुणिले १,८०० सेकंद, भागिले ८; गणिताच्या सरांनी हे उदाहरण वर्गात घ्यायला हरकत नाही). एवढी फाइल साध्या फोनवरही पटकन उतरते.

रेकॉर्डिंगला महागडे सामान नको. चांगला मोबाइल आणि शांत खोली पुरते. शांत खोली मात्र मिळवावी लागते. फरशीच्या आणि सिमेंटच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि बोलणारी विहिरीतून बोलते आहे असे वाटते. त्यावर उपाय आपल्या घरात आहे, तो म्हणजे गोधडी. मागच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगल्या की घुमणे थांबते. पंखा बंद, फोन विमान-मोडवर. माइक तोंडापासून एक वीतभर आणि किंचित बाजूला धरावा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांना फुंकर बसते. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकावे आणि मगच पुढे जावे. काटछाट करायला ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम आपल्या संगणक कक्षात चालू शकतो. मूळ रेकॉर्डिंग मात्र कधीही पुसू नये.

आता जिथे खरे फसते ते सांगतो. चाचणी म्हणून आम्ही गेल्या सुट्टीत एका आजींकडे गेलो होतो. नवरा गेल्यावर त्यांनी खानावळ काढली, त्यावर तीन मुलांची शिक्षणे केली. बरोबरच्या विद्यार्थिनीने कागदावर दहा प्रश्न लिहून आणले होते. ‘आपल्या यशाचे रहस्य काय?’ हा पहिला. आजी म्हणाल्या, ‘काही नाही बाळ.’ ‘आजच्या स्त्रियांना आपण काय संदेश द्याल?’ आजी म्हणाल्या, ‘चांगलं वागावं.’ सहा मिनिटांत दहा प्रश्न संपले. आम्ही फोन बंद केला, चहा आला, आणि आजींनी विचारले, ‘झालं का तुमचं? मग आता सांगते.’ पुढचा पाऊण तास त्यांनी जे सांगितले ते कशात काही भरलेले नाही. उधारीवर ज्वारी कोणी दिली, पहिल्या दिवशी किती भाकऱ्या उरल्या, जेवणाऱ्यांनी पैसे बुडवले तेव्हा त्यांच्या दारात जाऊन त्या कशा उभ्या राहिल्या, सगळे आले. चूक त्यांची नव्हती, आमच्या प्रश्नांची होती. रहस्य आणि संदेश हे समारंभातले शब्द झाले. ‘पहिल्या दिवशी चुलीवर काय शिजवलंत?’ असे विचारले असते तर त्या पहिल्याच मिनिटाला बोलत्या झाल्या असत्या. मुलांनो, ज्याचे उत्तर एखादी जागा, वस्तू किंवा दिवस आहे असा प्रश्न विचारा. आणि उत्तर संपल्यासारखे वाटले तरी मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा पुढचे वाक्य त्या पाच आकड्यांत येते.

‘कर्तबगार’ कोणाला म्हणायचे, यावरही बोलायला हवे. यादी करायला बसलो की डॉक्टर, प्राध्यापिका, तहसीलदार, नगरसेविका ही नावे आधी येतात. ती हवीतच, आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलींची नावे त्यांत असतील तर अधिकच हवीत. पण शेकडो बाळंतपणे केलेली सुईण, तुरीचे जुने बी मडक्यात राखून ठेवणारी शेतकरीण, बिदरी कामाच्या कारखान्यात घासकाम करणारी बाई, बसवकल्याणच्या बाजारात तीस वर्षे बांगड्या भरणारी कासारीण, यांना वगळले तर तो कार्यक्रम समाजाचा नव्हे, सत्कार समितीचा होईल. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली, त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. त्याआधी अनेक वर्षे त्या तेच काम करत होत्या.

भाषेविषयी एक सूचना मराठीच्या शिक्षकांना, नम्रपणे. आपली मराठी सीमेवरची आहे. तिच्यात अक्का आहे, दखनी आहे, निझामाच्या कचेरीतले शब्द आहेत. मुलाखतीत कोणाचे बोलणे ‘शुद्ध’ करू नये. पुण्याच्या मराठीचे रेकॉर्डिंग जगात भरपूर आहे, आळंद आणि हुमनाबादच्या आजीच्या मराठीचे फारच थोडे. ज्या मुलीच्या घरी आता ही बोली फक्त आजीच बोलते, तिला वीस वर्षांनी ही फाइलच आजोळ वाटेल. त्याच वेळी, अनेक बाया मराठीइतक्याच सहज कन्नड बोलतात. कार्यक्रमाच्या शेवटी दोन मिनिटे कन्नडमध्ये सारांश द्यावा, म्हणजे शेजारच्या घरालाही तो आपला वाटेल. मुलांना तो सराव होईल तो वेगळाच.

गाण्यांची एक मर्यादा लक्षात ठेवावी. चित्रपटगीत किंवा बाजारातील भजनाची सीडी मागे वाजवायची झाली तर हक्कदारांचा परवाना लागतो. शाळेचा कार्यक्रम आहे, नफा नाही, ही सबब इंटरनेटवर चालत नाही. त्याऐवजी बाईंनी स्वतः म्हटलेली पारंपरिक ओवी, पाळणा किंवा हळदीचे गाणे घ्यावे. माझ्या मते ते अधिक गोडही लागते.

संमती मात्र काटेकोर हवी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बाईंनी स्वतःच्या आवाजात ‘हे इंटरनेटवर जाईल हे मला माहीत आहे’ असे म्हणावे. कार्यक्रम तयार झाल्यावर त्यांना ऐकवावा आणि त्या म्हणतील तो भाग, कारण न विचारता, काढावा. माइकसमोर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे लेखी पत्र शाळेत असावे. घराचा पत्ता, फोन नंबर प्रसारणात येऊ देऊ नये. खानावळीच्या आजींकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी पैसे बुडवणाऱ्याचे नाव काढायला सांगितले. ‘त्याचा नातू तुमच्याच शाळेत आहे,’ म्हणाल्या.

पहिल्या सहा कार्यक्रमांसाठी नावे हवी आहेत. आपल्या माहितीतील बाईंचे नाव, गाव आणि त्या काय करतात हे दोन ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. त्यांना आधी विचारलेले असावे. ज्या गावांत बचत गटाची बैठक भरते तेथील पालकांनी बैठकीचा वार कळवावा, स्पीकर घेऊन आम्ही येऊ. रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी पाच-सहा जुन्या गोधड्याही लागतील. त्या धुऊन आणि कोपऱ्यात नाव शिवून पाठवाव्यात, म्हणजे परत करताना घोटाळा होणार नाही.