नोकरी, सुट्ट्या आणि एम. ए.चा अभ्यास

दिवसाची नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी मिळवूं इच्छिणाऱ्या गृहस्थास इष्टमित्र बहुधा एकच उपदेश करतात: रोज थोडें थोडें वाचीत जावें. उपदेश चांगला, परंतु थोडें म्हणजे किती, हें कोणी सांगत नाहीं. वास्तविक तें मोजतां येतें.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं संसदेच्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें एक श्रेयांक म्हणजे सुमारें ३० तासांचा अभ्यास, असें माप धरलेलें आहे. यांत वाचन, स्वाध्याय लिहिणें, मार्गदर्शनवर्गास जाणें हें सर्व आलें. अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा असेल तर २,४०० तास होतात. दोन वर्षांत ते संपवावयाचे तर आठवड्यास २३ तास पडतात. विद्यापीठ एम. ए.साठीं चार वर्षांपर्यंत मुदत देतें. त्या बेतानें साडेअकरा पुरतात. श्रोत्यांनीं हवा तर कागद घेऊन हा हिशेब ताडून पाहावा.

आतां बँकेंतील एखादा कारकून घ्या. दोन वर्षांचा हट्ट धरला तर त्यास रोज तीन तास व रविवारीं पांच तास द्यावे लागतील. संध्याकाळीं सात वाजतां दमून घरीं येणाऱ्या, लहान मूल असलेल्या माणसानें हे तीन तास आणावे कोठून? तो पहिल्या महिन्यांत रंगीत पेन्सिलींनीं सुरेख वेळापत्रक आंखतो, दुसऱ्यांत तें मोडतो आणि मग म्हणतो, "राहिलेलें दिवाळींत भरून काढूं."

येथेंच फसगत होते. दिवाळीचे चार दिवस, घरच्यांचा रोष पत्करून, रोज सहा तास वाचलें तरी पदरांत २४ तास पडतात. म्हणजे जेमतेम एका आठवड्याची भरपाई. तेवढ्यासाठीं पत्नीनें एकटीनें पाहुणे सांभाळावे आणि मुलानें बंद दाराबाहेर फटाके घेऊन उभें राहावें, हा सौदा तोट्याचा आहे. याउलट २०१५ पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं सुट्टी असते. वर्षाचे असे २४ शनिवार. सकाळचे चार तास धरले तरी ९६ तास होतात, आणि घरांत कोणाचा सणहि बुडत नाहीं. सणाची सुट्टी घरास द्यावी, शनिवारची पुस्तकास. शिल्लक रजा मात्र परीक्षेसाठीं राखावी. ती पावसाळी सहलींत उडविणारे पुढें साहेबांच्या दारांत अर्ज घेऊन उभे राहतात.

परीक्षा सामान्यतः जून व डिसेंबरमध्यें होतात. जूनचे स्वाध्याय मार्च-एप्रिलच्या सुमारास द्यावयाचे, आणि बँकेचें वर्षहि ३१ मार्चलाच संपतें! डिसेंबरच्या स्वाध्यायांच्या वेळीं गणपति-नवरात्र येतात. बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांस ३० टक्के गुण असल्यामुळें ते कसेबसे खरडून चालत नाहीं. म्हणून बँकेच्या माणसानें मार्चचे स्वाध्याय जानेवारींतच लिहून ठेवावे. तें न साधल्यास सर्व विषयांस एकदम बसण्याची सक्ती नाहीं. जूनमध्यें दोनच विषय द्यावे आणि बाकीचे डिसेंबरवर टाकावे.