म्हाताऱ्या माणसाचं ताट कोण ठरवतं?

फुलंब्री तालुक्यात कपाशी, मका, आल्याची शेती. ती आईबाप बघतात आणि पोरगा वाळूजला कंपनीत, अशी घरं गावोगाव आहेत. तिथल्या आजीला "जेवल्या का?" विचारलं, की "जेवले की" म्हणतात. खोटं नसतं ते. पण काय जेवल्या? सकाळी चहात कुस्करलेली भाकर, दुपारी भाकर-ठेचा, रात्री उरलेली भाकर घोटभर दुधात. पोट भरतं, प्रथिनं राहून जातात.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या आजीला चाळीसेक ग्रॅम. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून ही गरज घटत नाही. घटते ती भूक.

त्यात उपास. दोन एकादशा, चतुर्थी, सोमवार. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीला तारतो तो शेंगदाण्याचा कूट, आणि कवळीखाली टोचतो म्हणून नेमका तोच कमी होतो. उपास सोडा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. पण भगर आणि बारीक वाटलेल्या दाण्याची आमटी उपासालाच चालते, राजगिराही चालतो. (मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.) गळ्यात माळ असेल तर अंडी-मटण बाद. मग सगळी भिस्त डाळीवर आणि दुधावर.

डाळीचंही एक आहे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ विकत आणायची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, त्यातून आधी गोळ्या आणि नातवाचा खाऊ. घरात आधी पुरुष आणि पोरं जेवतात. आजी-सुनेपर्यंत येतं ते पाणी घालून वाढवलेलं कालवण. आजीचा मान सणावाराला असतो, वाटीत दिसत नाही.

यात भाकरीचा दोष नाही. ती राहू द्यावी, कालवण घट्ट करावं. मुगाचं वरण नाहीतर पिठलं करून त्यात भाकर मऊ होईपर्यंत भिजू द्यावी, वर वाटीभर दही. चहा तासभर लांब ठेवावा, जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही तो. एकट्या आजीचं मात्र एवढ्यानं भागत नाही. "एका जिवासाठी कुठं वरण शिजवायचं?" हे ती म्हणणारच. शेजारणीबरोबर आलटून-पालटून वरण लावलं, तर एका कुकरात दोघींचं होतं आणि जेवायला सोबतही मिळते.