सतराव्या वर्षी इटली : कोणाला जाता येतं, कोणाला नाही

पोलंडचा मिडफिल्डर पियोत्र झेलिन्स्की २०११ साली इटलीतल्या उदिनेसे क्लबात दाखल झाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे लोनवर एम्पोली, मग नापोलीत आठ हंगाम, २०२३मध्ये नापोलीला ३३ वर्षांनी मिळालेलं इटालियन लीगचं विजेतेपद आणि २०२४मध्ये इंटर मिलान. अशा कारकिर्दीची दीड मिनिटाची रील चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अहेरी, राजुरा, ब्रह्मपुरीच्या पोट्ट्यांच्या फोनवरही पोहोचते. रीलमध्ये गोल दिसतात, करारावर सही करतानाचा फोटो दिसतो. वय, पासपोर्ट, नोंदणी यांतलं काही दिसत नाही. ती जागा मग ऐकीव गोष्टी घेतात आणि त्यांवर विसंबून एखादं कुटुंब शेत गहाण टाकू शकतं. त्यामुळे या समजुती नीट तपासून पाहणं गरजेचं आहे.

गैरसमज : पोरगं चांगलं खेळत असेल तर सोळाव्या-सतराव्या वर्षीच युरोपात पाठवता येतं

झेलिन्स्की गेला, मग आपला पोरगा का नाही? उत्तर फिफाच्या बदलीच्या नियमावलीत, १९व्या कलमात आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली करता येत नाही, हा मूळ नियम. त्याला अपवाद थोडे आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर मुलाची नोंदणी होऊ शकते. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तरी होऊ शकते. आणि बदली युरोपीय संघाच्या आतल्या आत असेल, तर सोळा ते अठरा या वयातही ती चालते. पोलंड २००४पासून युरोपीय संघात आहे, त्यामुळे सतरा वर्षांच्या पोलिश मुलासाठी इटलीचं दार उघडं होतं. भारतातून जाणाऱ्या मुलासाठी ते उघडत नाही.

हा नियम नुसता कागदावर नाही. अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीत नियम मोडल्याबद्दल फिफाने २०१४मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबावर खेळाडू घेण्याची बंदी घातली आणि अपिलानंतरही ती कायम राहिली. तेव्हा गडचिरोलीतल्या सोळा वर्षांच्या मुलाला ‘स्पेनच्या क्लबाचा करार’ मिळवून देतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला एवढंच विचारावं की १९व्या कलमातल्या कोणत्या अपवादाखाली? शिवाय खेळाडूंच्या एजंटाकडे फिफाचा परवाना असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पैशांचं बोलणं होण्याआधी ती यादी पाहावी.

पोलिश खेळाडूंनाही हे दार कायम उघडं नव्हतं. काझिमिएश देयना हा त्या देशाचा सर्वांत लाडका मिडफिल्डर. १९७२चं ऑलिंपिक सुवर्ण आणि १९७४च्या विश्वचषकातलं तिसरं स्थान मिळवणाऱ्या संघाचा तो कणा होता. पण साम्यवादी राजवट आपल्या खेळाडूंना ऐन उमेदीत बाहेर सोडत नसे. देयना मँचेस्टर सिटीत पोहोचला तो १९७८मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी. त्याची सर्वोत्तम वर्षं तोवर सरली होती.

गैरसमज : ट्रायल झाली म्हणजे निवड झाली

मराठी-कोंकणी मुलखातलं याचं उत्तम उदाहरण गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस. सेसा फुटबॉल अकादमीत घडलेला हा मिडफिल्डर किशोरवयातच दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या एका अकादमीत गेला. तिथून त्याने इंग्लंडमधल्या क्लबांत ट्रायल दिल्या. करार झाला नाही. तो गोव्यात परतला आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, चर्चिल ब्रदर्स असं करत २०१७मध्ये एफसी गोवात आला. भारताच्या संघात त्याला पहिला सामना मिळाला जून २०१९मध्ये, चोविसाव्या वर्षी.

ट्रायल म्हणजे क्लबाने दिलेले काही दिवस. त्यात पगार नसतो, नोंदणी नसते, हमी नसते. ती फसणं ही लाजेची बाब नाही. ब्रँडनसारखा खेळाडू तिथून परत येऊन भारताच्या मधल्या फळीचा आधार झाला, ही गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. झेलिन्स्कीचीही घडण पाहा. उदिनेसेत त्याला फारशी संधी मिळत नव्हती. एम्पोली हा लहान क्लब, पण तिथल्या दोन हंगामांत तो सातत्याने मैदानावर राहिला आणि त्यानंतरच नापोलीने त्याला घेतलं. मोठ्या क्लबाच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबात रोज खेळणं तरुण मिडफिल्डरला कितीतरी अधिक देतं.

गैरसमज : क्लबाने सही घेतली की काम झालं

सुनील छेत्रीला २००९मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने तीन वर्षांचा करार देऊ केला होता. पण ब्रिटनचा वर्क परमिट मिळाला नाही. खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरांत हवा, अशी तेव्हाची अट होती आणि भारत त्याच्या बराच खाली होता. म्हणजे देशाच्या संघाची कामगिरी एका खेळाडूच्या नोकरीआड आली. आता ब्रिटनमध्ये गुणांची पद्धत आहे, पण तिच्यातही देशाची क्रमवारी आणि खेळाडूने खेळलेल्या लीगचा दर्जा धरला जातो.

छेत्री पुढे २०१०मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि २०१२मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ‘ब’ संघाकडे गेला. दोन्हीकडे त्याला मोजकेच सामने मिळाले. याउलट गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू २०१४मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक या फारशा गाजावाजा नसलेल्या क्लबात गेला, थांबला, वाट पाहिली आणि २०१६मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला.

गैरसमज : मिडफिल्डर गोल करत नाही, त्याला कोण विचारणार?

गावच्या ग्राउंडवर गोल करणाऱ्यालाच खांद्यावर घेतात, त्यामुळे ही समजूत घट्ट आहे. एप्रिल २०२१चा फातोर्ड्याचा सामना आठवावा. एशियन चँपियन्स लीगच्या गट फेरीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब. समोर इराणचा पर्सेपोलिस. एफसी गोवाच्या एदू बेदियाने हेडरने गोल केला आणि त्या स्पर्धेच्या गट फेरीतला भारतीय क्लबाचा पहिला गोल त्याच्या नावावर लागला. ज्या फ्री किकवर तो झाला, ती ब्रँडनची होती. सप्टेंबर २०१९मध्ये ओमानविरुद्ध छेत्रीने केलेला गोलही ब्रँडनच्याच फ्री किकवर आला होता. क्लबांची माणसं हेच पाहतात : दबावाखाली चेंडू कसा घेतो, मान वळवून आधी पाहतो का, चेंडू गेल्यावर धावतो का. ब्रह्मपुरीच्या शाळेतल्या शिक्षकालाही हे शिकवता येतं, त्याला महागडं मैदान लागत नाही.

गैरसमज : परदेशी पासपोर्ट मिळाला की दोन्हीकडे खेळता येतं

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि देशाच्या संघासाठी भारतीय पासपोर्ट हवाच. पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्या गोवेकर मुलांना हा निर्णय फार जड जातो. युरोपातली दारं उघडतात, पण निळी जर्सी मिळत नाही.

महाराष्ट्राने याची दुसरी बाजू पाहिली आहे. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा अराता इझुमी हा मिडफिल्डर ईस्ट बंगालकडून भारतात खेळू लागला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आला आणि पुणे एफसीत स्थिरावला. २०१२मध्ये त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं, २०१३मध्ये भारताकडून उतरला आणि नंतर रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना घडवू लागला. परदेशी खेळाडूची कारकीर्द म्हटलं की आपल्याला युरोप आठवतो. इझुमीसाठी परदेश म्हणजे पुणं होतं, आणि भारताकडून खेळण्यासाठी त्याने पासपोर्ट बदलला. मराठी फुटबॉलच्या इतिहासात या माणसाला मानाचं पान मिळायला हवं.

गैरसमज : जंगलातल्या मुलांचा हा खेळ नाही

कबड्डी आणि व्हॉलीबॉल हे इथले गावोगावचे खेळ. बिरसा मुंडा आणि वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने होणाऱ्या गडचिरोली पोलीस दलाच्या कबड्डी-व्हॉलीबॉल स्पर्धांना दुर्गम गावांतून संघ येतात. फुटबॉल मागे आहे, तो कमी स्पर्धांमुळे. २०२२च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकात भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी गावातली. गुमला हा गडचिरोलीसारखाच जंगलाचा, डोंगरांचा जिल्हा. त्याच वर्षी मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉनकडून महिला चँपियन्स लीगमध्ये खेळली, तोवर एकही भारतीय खेळाडू त्या स्पर्धेत उतरला नव्हता. मुलींसाठी ही वाट आज अधिक मोकळी आहे, असं मानायला पुरेशी जागा आहे.

चंद्रपूरपासून नागपूर दीडशे किलोमीटर. पहिला टप्पा तोच, कारण तिथे लीग आहे, झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन उभी राहिलेली आणि २०१६मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळवणारी स्लम सॉकर ही संस्था आहे, शेजारी कामठीत रब्बानीसारखा जुना क्लब आहे. त्यानंतर पुण्यात बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी, नवी मुंबई, गोवा.

आणि निघण्याआधी जन्मतारीख. आश्रमशाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, अशी गत इथे अनेक मुलांची असते. मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात फिफा मनगटाची एमआरआय करून वय पडताळते. तिथे अडकलेल्या मुलाचा खेळ कोणी पाहत नाही. ग्रामपंचायतीतला जन्मदाखला वेळेत दुरुस्त करून घेणं हे या भागात चांगल्या बुटांइतकंच गरजेचं आहे.

राहिली एक समजूत, की पोरगं मोठं झालं तरी गावच्या मंडळाला काही मिळत नाही. खेळाडू करार संपण्याआधी पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामाचा वाटा रकमेच्या ०.२५ टक्के, सोळापासून पुढे ०.५ टक्के. मूल गावातल्या एखाद्या क्लबाने मुलाला बारा ते पंधरा अशी चार वर्षं खेळवलं आणि पुढे त्याची बदली एक कोटीला झाली, तर त्या क्लबाचे होतात एक लाख रुपये. त्यासाठी क्लब महाराष्ट्राचा फुटबॉल कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या व्यवस्थेत संलग्न हवा आणि मुलाची नोंदणी त्या त्या हंगामात झालेली हवी. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या मंडळांनी हे काम याच हंगामात हाती घ्यावं.