कॅसेटच्या कडेपासून फोनच्या चौकटीपर्यंत

बंगळुरूतल्या गाण्यांच्या जाहिरातींचा मागोवा 1978 पासून सुरू करणं सोयीचं. त्या वर्षी के. एस. निसार अहमद यांच्या कवितांची ‘नित्योत्सव’ ही कॅसेट आली. संगीत म्हैसूर अनंतस्वामींचं. कन्नड भावगीतांची ही पहिली कॅसेट म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे ‘गीतरामायणा’ने माडगूळकर आणि फडके ही दोन्ही नावं घरोघर पोचवली होती. कर्नाटकात तेच काम भावगीतांच्या कॅसेटनी केलं. कविता हाच विक्रीचा माल असल्यामुळे जाहिरातीत कवीला मानाची जागा होती.

चित्रकाराची मात्र कॅसेटने पंचाईत केली. 12 इंची एलपीच्या वेष्टनावर ऐसपैस जागा असे. कॅसेटच्या डबीतल्या कार्डाची दर्शनी बाजू जेमतेम 10 बाय साडेसहा सेंटिमीटर. दुकानात डब्या एकावर एक रचलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाला दिसायची ती फक्त बोटभर कड. म्हणून कडेवरचं नाव ठळक, पुष्कळदा कन्नड आणि इंग्रजी दोन्हींत. दर्शनी बाजूचे साचेही लवकरच ठरून गेले. भक्तिगीतं असतील तर मधोमध देव आणि कोपऱ्यात गायकाचा पासपोर्ट फोटो. सिनेमा असेल तर नायक-नायिका. हेच चित्र वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्यात छापलं की फोटोतले बारकावे बुजायचे. मग सगळी भिस्त हाताने काढलेल्या जाड अक्षरांवर.

1987 मध्ये ‘प्रेमलोक’ हा कन्नड सिनेमा आला. बंगळुरूच्याच लहरी कंपनीने काढलेल्या त्याच्या कॅसेट तुफान खपल्या. गीतं आणि संगीत, दोन्ही हंसलेखांचं. पुढे त्यांचं नाव म्हणजे जाहिरातीतलं खणखणीत नाणं झालं. संगीतकाराच्या नावावर कॅसेट विकता येते, हे तेव्हा पक्कं ठरलं.

1998 मध्ये ‘बरह’ हे कन्नड लेखनाचं सॉफ्टवेअर आलं. संगणकावर कन्नड लिहिणं सोपं झालं, पण तयार फॉन्टच्या जमान्यात हाताच्या अक्षरांचं वळण मागे पडलं. जाहिराती एकमेकींच्या जुळ्या बहिणी दिसू लागल्या.

या एकसुरीपणातून वाट काढली ती शहरातल्या बँडनी. 2008 मध्ये पहिला अल्बम घेऊन आलेल्या रघु दीक्षितने रंगीत लुंगी आणि घुंगरू हीच आपली ओळख केली. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ने 2012 मध्ये ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ज’ हा तीन सीडींचा अल्बम काढला, तो रिक्षाच्या कल्पनेवर. चेहरा न दाखवताही बंगळुरू ओळखू यावं, अशी ती निवड होती.

ऑगस्ट 2018 मध्ये, उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर, महापालिकेने फ्लेक्सवर बंदी घातली. लगोलग फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. रस्त्यावरची जागा आक्रसली आणि जाहिरात फोनमधल्या नखाएवढ्या चौकटीत जाऊन बसली. तिथे एक चेहरा आणि एक भडक रंग एवढंच मावतं. कवी, संगीतकार, वादक यांची नावं शोधायची तर आणखी दोन ठिकाणी बोट लावावं लागतं.

चौकट लहान झाली, ही सबब पुरेशी नाही. बोटभर रुंदीच्या कडेवर दोन लिप्या बसवणारे कलाकार याच शहरात होते. कंपन्यांनी आणि बँडनी आपल्या पुढच्या जाहिरातीत निदान कवीचं आणि संगीतकाराचं नाव चित्रातच, वाचता येईल एवढं मोठं छापावं.