एकाच गजाची वीज

बसा रे पोरांनो, आज विजेची गोष्ट. इटलीत व्होल्टा नावाचा पंडित होता, पहिली बॅटरी त्याचीच. 1800 साली ती हाती आली तर भल्या माणसाने दोन्ही कानांत धातूच्या कांड्या खुपसल्या अन् वीज सोडली. डोक्यात दणका बसला, मग काहीतरी घट्टसं रटरटतंय असा आवाज! पुन्हा त्या वाटेला जायची काही त्याला हौस उरली नाही.

अन् बघा, त्याच वाटेने आता जन्मतः बहिरी पोरं ऐकू लागलीत. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने, 2014 चे पद्मश्री, यांनी कानात यंत्र बसवण्याचं हे काम आपल्याकडे रुजवलं. आपल्या छत्तीसगडातही बाल श्रवण योजनेतून ते झालंय. कानामागे कातडीखाली एक चिप बसते, तिला बॅटरीच नाही, वीज अन् निरोप दोन्ही बाहेरच्या वेटोळ्यातून कातडीपार पोचतात. तिथून बारीक तार आतल्या कानात शिरते, तिच्यावर प्लॅटिनमच्या टिकल्या, काही बनावटींत 22.

पण अंगात खारं पाणी. वीज एकाच दिशेने वाहत राहिली तर ते पाणी फुटतं, वायू सुटतो, प्लॅटिनम विरघळतं, नस जळते. म्हणून विजेचा प्रत्येक ठोका जितका पुढे, तितकाच मागे. एकेक फेरी सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी. आता ‘तितकाच’ म्हणणं सोपं आहे हो! चिपवर दोन ट्रान्झिस्टर हुबेहूब कधी उतरत नाहीत. एकाने वीज दिली अन् दुसऱ्याने परत घेतली, तर केसभर फरक राहतोच, अन् सेकंदाला 900 ठोके म्हणजे तासाला 32 लाखांवर. पंडरीच्या कापडबाजारात एका गजाने मोजून दिलेला तागा दुसऱ्या गजाने परत घेतला तर संध्याकाळी दुकानदार कपाळाला हात लावेल की नाही? म्हणून चिपवाल्यांनी गज एकच ठेवला: वीज देणारा तोच, फक्त खटके टाकून तारांची टोकं अदलाबदल करायची. तरी उरलंसुरलं राहिलंच, तर ठोक्यांच्या मधल्या क्षणी टिकल्या एकमेकींना जोडून ते निचरून टाकायचं. अन् वर वाटेत एक कपॅसिटर बसवायचा, तो ठोके जाऊ देतो पण सतत वाहणारी वीज अडवतो. चिप बिघडली तरी नस वाचावी म्हणून. मला तर या मंडळींचा हा संशयी स्वभावच फार आवडतो.

एवढं सगळं असूनही मेंदूचं ऐकायला शिकायचं वय लहानपणीचंच असतं. तेव्हा तान्हं बाळ कुकरच्या शिट्टीलाही दचकत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका, कानाच्या डॉक्टरकडे लगेच न्या.